आधी गुदगुली, मग वाटी

वाटीबाईला चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कोणी थांबून "काय, ओळखलं का?" असं विचारलं की ती आधी खाली बघायची. चपलेतून डोकावणारी बोटं, टाचेच्या भेगा, घोट्याचं हाड असं सगळं नीट न्याहाळून मग मान वर करायची आणि म्हणायची, "ओळखलं की! उजव्या करंगळीला कुरूप होतं तुमच्या. गेलं का?" समोरचा माणूस चारचौघांत ओशाळायचा. पण बाईचा त्याला इलाज नव्हता. चाळीस वर्षं तिनं माणसं खालच्या बाजूनंच पाहिली होती.

काम एकच. तळपायाला तूप चोळायचं आणि काशाची वाटी उपडी धरून तळव्यावर गोल गोल फिरवत राहायचं. पंधरा मिनिटं हा पाय, पंधरा मिनिटं तो. आयुर्वेदात याला पादाभ्यंग म्हणतात हे तिला फार उशिरा कळलं. त्याआधी ती त्याला सरळ 'पाय घासणं' म्हणायची आणि माणसं तेवढीच गाढ झोपायची. पायांची आग, डोळ्यांची जळजळ, दिवसभर उभं राहून ठणकणाऱ्या टाचा, झोप न येणं, इथवर तिचा इलाज चाले. त्यापुढचं कोणी विचारलं की ती म्हणे, "त्याला डॉक्टर आहे. मी वाटीवाली."

वाटी सासूची. सासूनंच तिला हे काम शिकवलं, आणि शिकवताना हातापेक्षा तोंड जास्त चालवलं. सासूच्या वेळी ती वाटी चांगली जाडजूड होती, पायावर पडली तर बोट मोडेल अशी. आता घासून घासून इतकी पातळ झाली होती की कडेला नख लावलं तरी किणकिणायची. सासू गेली, नवरा गेला, दोन घरं बदलून झाली, वाटी तेवढी राहिली.

सासूचे नियम दोन. पहिला, आधी गुदगुली, मग वाटी. तूप लावण्याआधी तळव्याच्या खोबणीत नखानं हलकेच खाजवायचं. पाय झटक्यानं मागे गेला, माणूस हसला, किंचाळला, "अहो, हे काय!" म्हणाला, की समजायचं पाय जागा आहे. मग वाटी लावायची. पाय हललाच नाही तर वाटी पिशवीत टाकायची आणि उठायचं. "झोपलेला माणूस हाक मारून उठतो," सासू म्हणायची, "झोपलेला पाय आपल्या वाटीनं उठायचा नाही. त्याला दवाखान्यात पाठव. आणि सांगूनही गेला नाही, तर ओरडून पाठव."

दुसरा नियम काळ्याचा. वाटी फिरत गेली की तळवे काजळी लागल्यासारखे काळे पडतात. नवी माणसं घाबरतात. सासू त्यांना सांगायची, "अहो, तुमचं काही नाही, हे वाटीचं काळं. कासं झिजतं, तुपात आणि घामात मिसळतं, काळं होतं. पुसलं की गेलं." पुसायची आणि विषय संपवायची.

हे दोन्ही नियम वाटीबाईनं चाळीस वर्षं पाळले, आणि मग चार महिन्यांत दोन्ही मोडले. ही गोष्ट त्या चार महिन्यांची आहे.

झालं असं, की बाईचे गुडघे बोलायला लागले. दारोदार जिने चढणं जमेना. सून एका वेलनेस सेंटरच्या काउंटरवर नुकतीच लागली होती, तिनं मॅडमच्या कानावर घातलं. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, पण इमारतीला लिफ्ट. खाली एक बूटवाला, जो अवघड पायांसाठी मापानं बूट बनवायचा. मॅडमनी बाईला बोलावलं, तिचे हात उलटेपालटे करून पाहिले, हातांचे फोटो काढले आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही म्हणजे खरा वारसा आहात."

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. आवाज गोड, दुपारचा चहा न चुकता पाठवायच्या, आणि पाठीला टेकून बसता येईल अशी बुटकी खुर्ची बाईला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनीच करून दिली. पण गोड माणसाला 'नाही' म्हणणं कठीण असतं, आणि बाईचं तिथंच चुकलं.

पहिल्यांदा गेली गुदगुली. सेंटरमध्ये दिवसभर बासरी वाजायची आणि सगळे कुजबुजून बोलायचे. बाईनं पहिल्याच दिवशी एका जाडजूड गृहस्थांना गुदगुली केली आणि ते असे काही खिंकाळले की शेजारच्या खोलीत डोळे मिटून बसलेल्या तिघींचं ध्यान मोडलं. मॅडम आल्या. "मावशी, आपल्याकडे गुदगुल्या नकोत हं. प्रोफेशनल वाटत नाही." बाईनं मान डोलावली.

मग गेलं काळं. भिंतीवर एक मोठं चित्र लागलं, त्यात दोन काळेकुट्ट तळवे आणि वर अक्षरं, 'शरीरातलं विष बाहेर काढा!' विषाला तिथे टॉक्सिन म्हणत. दहा बैठकांचं पॅकेज. प्रत्येक बैठकीनंतर पाय पांढऱ्या टॉवेलवर ठेवायचे, फोटो काढायचा, आणि गिऱ्हाईक कौतुकानं विचारायचं, "माझं किती निघालं?" बाईनं एकदा तोंड उघडलं, "मॅडम, ते वाटीचं असतं." मॅडम हसल्या. "मावशी, असू दे ना. लोकांना दिसलं की विश्वास बसतो. झोप तर खरी लागतेच की नाही?" झोप खरी लागतच होती.

तिसरी गोष्ट मात्र बाईला आजही सांगताना जड जाते. मॅडमनी हळूच सांगितलं, "सहाव्या बैठकीपासून हात जरा हलका ठेवत चला." हात हलका म्हणजे काळं कमी. काळं कमी म्हणजे विष संपत आलं. बाईला लगेच कळलं, आणि कळूनही तिनं हात हलका केला. का? गुडघे, खुर्ची, सुनेची नोकरी. कारणं मोजायला बसलं तर पाच बोटं पुरत नाहीत. पण घरी गेल्यावर वाटी धुताना तिला सासूच्या नजरेला नजर द्यावी लागल्यासारखं वाटायचं, आणि सासू जाऊन तर वीस वर्षं झाली होती.

अशात हेडमास्तर आले. निवृत्त, एकटे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. साखरेचा आजार जुना, पायांची आग व्हायची म्हणून आले. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस, स्वतःचे पाय कसे सोडेल? पहिल्याच बैठकीला त्यांनी टॉवेलवरचं काळं चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'डावा नऊ, उजवा सहा.' दहापैकी.

"मार्क देताय होय?" बाई म्हणाली.

"आयुष्यात ही एकच परीक्षा बघितली बाई, जिच्यात मार्क कमी झाले की विद्यार्थी पास!" ते स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. बाईही हसली. माणूस तिला आवडला होता. पाय सडपातळ, बोटं सरळ, नखं वेळेवर कापलेली. अशा पायांचा माणूस शब्दाला पक्का असतो, असं तिचं मत होतं.

बैठका होत गेल्या आणि मार्क उतरत गेले. डावा सात, डावा पाच. मॅडमनी त्यांची वही काचेच्या पेटीत ठेवायची तेवढी बाकी ठेवली. डाव्या पायातून जास्त काळं निघतं, त्याअर्थी विषाचं मूळ डाव्या पायात, असा मास्तरांनी सिद्धान्त मांडला. खरं कारण बाईच्या समोर होतं. ती त्यांच्याकडे तोंड करून बसायची, त्यामुळे त्यांचा डावा पाय तिच्या उजव्या हाताला यायचा. उजव्या हाताचा जोर जास्त. एवढं साधं. पण विचारलं कोणी?

नवव्या बैठकीला गुरुवारी वीज गेली आणि बासरी थांबली. त्या शांततेत हात आपोआप जुन्या वळणावर गेला म्हणा, किंवा सासूनं कोपर ढकललं म्हणा, बाईनं मास्तरांच्या उजव्या तळव्यावर नख फिरवलं. पाय ताडकन उडाला. "अहो बाई!" मास्तर हसले. मग तिनं डाव्या पायावर फिरवलं.

पाय तसाच. मास्तर येत्या शनिवारबद्दल काहीतरी सांगत होते, ते सांगतच राहिले.

बाईनं पुन्हा नख फिरवलं, जरा जोरात. काही नाही. मग तिनं तळहात तिथे ठेवला. चवड्यावर, अंगठ्याच्या खाली, निबर कातडीची एक चकती होती आणि ती चकती बाकीच्या पायापेक्षा गरम होती. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक. मास्तरांच्या जुन्या चपलेचा खिळा वर आलेला असणार. कधी? आठ दिवस? पंधरा? आणि याच पायावर तिनं आठ वेळा वाटी फिरवली होती.

"मास्तर, या पायाची आग होते का हो अजून?"

"छे! पूर्वी रात्र रात्र व्हायची. आता अगदी शांत. तुमच्या हातालाच याचं श्रेय." आणि खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "गोळ्यासुद्धा अर्ध्या केल्यात मी. विषच उरलं नाही तर गोळी कशाला?"

आग विझली नव्हती, पाय झोपला होता, हे बाईला कळलं. तिनं वाटी पिशवीत टाकली. "मास्तर, आज वाटी नाही. हा पाय दवाखान्यात दाखवा. आत्ता, इथून उठून."

मास्तरांना ते पटेना. मॅडम आल्या. बाईनं त्यांना बाजूला घेऊन भोक, गरमपणा, गोळ्या सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा क्षणभर उतरला, खोटं कशाला बोलू. पण शनिवारी पाच नव्या यंत्रांचं उद्घाटन होतं. खोक्यात काशाच्या थाळ्या गरगर फिरतात, वर पाय ठेवला की झालं, हाताची गरजच नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! त्या समारंभात हेडमास्तरांची दहावी बैठक सगळ्यांसमोर व्हायची होती, वारसा म्हणून बाईच्या हातची.

"मावशी, दोनच दिवस," मॅडम म्हणाल्या. "शनिवार होऊ दे, रविवारी मी स्वतः त्यांना गाडीत घालून डॉक्टरकडे नेते."

"पाय शनिवार-रविवार बघत नाही, मॅडम."

"आणि सूनबाईंचं पण कायम करायचंय मला या महिन्यात," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. त्या गोड आवाजानं बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती लिफ्टनं खाली आली आणि बूटवाल्याच्या बाकावर बसली. त्याच्या मागच्या फळीवर प्लास्टरचे पांढरे पाय ओळीनं मांडलेले असत. ज्याचे बूट बनवायचे त्याच्या पायाचा साचा घेऊन तो तसाच पाय ओतायचा आणि त्यावर बूट बेतायचा. बाईनं त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो चमकला. "दुसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर? अहो, त्यांचे बूट दोन महिने पडलेत इथे! डॉक्टरनं पाठवलं होतं, पाय जपायला हवेत म्हणून. माप देऊन गेले आणि न्यायला आलेच नाहीत. परवा विचारलं तर म्हणाले, आता गरज नाही, वर सगळं विष निघालं." त्यानं फळीवरून एक पाय काढून पुढे केला. सडपातळ, सरळ बोटांचा. बाईनं बघताक्षणी ओळखला.

"हा मला द्या," ती म्हणाली. "परत आणून देते."

शुक्रवारी ती गुडघे धरत मास्तरांच्या घरी चार जिने चढून गेली. मास्तरांनी पाणी दिलं, वही दाखवली, आणि तिचं सगळं ऐकून घेऊन शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही कितवी शिकलात?"

"चौथी."

"मग आकड्यांवर विश्वास ठेवा. नवावरून दोनावर आलाय डावा पाय. हा पुरावा आहे." बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. दारापर्यंत सोडायला आले तेव्हाही तीच खिळ्याची चपल पायात. बाईनं वाकून ती काढून घेतली आणि पिशवीत टाकली. मास्तर "अहो, अहो!" करत राहिले, पण बाई खाली उतरलीसुद्धा.

संध्याकाळी घरी सून भाजी चिरत होती. बाईनं शनिवारी काय करणार ते सांगितलं तशी सुरी थांबली.

"आई, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचाय तर घ्या. माझ्या पायावर कशाला?" सून म्हणाली. "दहा वर्षं कापडाच्या दुकानात उभी होते मी. आत्ता कुठे खुर्ची मिळालीय बसायला. मॅडम रविवारी नेते म्हणाल्या ना? मग? तुम्हालाच का एवढी कणव?"

"मीच घासलाय तो पाय. आठ वेळा."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"विचारलं नाही म्हणून माहीत नव्हतं. गुदगुली म्हणजे पायाला विचारणंच असतं गं. मी विचारायचं सोडलं."

बाई उठून तिच्यासमोर बसली, रोज बसायची तशी, आणि तिचा पाय मांडीवर घेतला. दुकानातली दहा वर्षं त्या पायांनी काढली, त्यातली प्रत्येक संध्याकाळची ठणक बाईच्या हाताखालून गेली होती. तिनं तळव्याला नख लावलं. रागात असूनही सुनेचा पाय झटकन मागे गेला आणि तिच्या तोंडून हसू फुटलं. मग ते हसू विरलं.

"त्यांचा हललाच नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

सून परत भाजी चिरायला लागली. मान वर न करता म्हणाली, "मी काही ऐकलेलं नाही. उद्या काउंटर सोडून मी हलणार नाही, आधीच सांगते."

शनिवारी सेंटरचा हॉल भरला. पन्नास-साठ माणसं, फुलं, बासरी, व्हिडिओ काढणारा. भिंतीशी पाच यंत्रं टॉवेल पांघरून बसलेली. बाईची पिशवी दारातच मॅडमनी काढून घेतली. "फोटोत बरी दिसत नाही, मावशी. वाटी तेवढी घ्या." पिशवी स्टोअरमध्ये गेली आणि तिच्यातला प्लास्टरचा पायही. बाई नुसती वाटी घेऊन बुटक्या खुर्चीवर बसली. समोर उंच खुर्चीत हेडमास्तर, पायांत नव्या सपाता, हातात वही. मॅडम वारशाबद्दल बोलल्या, विषाबद्दल बोलल्या, यंत्राबद्दल जरा जास्तच बोलल्या. मास्तरांनी उभं राहून आठ बैठकांचे मार्क वाचून दाखवले. टाळ्या पडल्या.

मग तुपाचं ताट यायची वेळ झाली. ताट आणायचं काम एका मुलीकडे होतं, पण आली ती सून. काउंटर सोडून आली होती. ताटावर पांढरा टॉवेल झाकलेला, आणि ताट दोन्ही हातांनी धरूनही जड वाटत होतं. बाईसमोर ठेवताना तिनं वर पाहिलं नाही. बाईनं टॉवेल उचलला. तुपाच्या भांड्याशेजारी प्लास्टरचा पाय आडवा पडला होता.

"मास्तर, ओळखा बघू हा कुणाचा," बाई मोठ्यानं म्हणाली. कुजबुजायची तिथली रीत त्या क्षणी मोडली.

मास्तरांनी चष्मा खालीवर केला. "हा... माझाच की. खालच्या बूटवाल्याकडचा."

"तुमचाच. पण याच्यात रक्त नाही, साखर नाही, तुम्ही जेवलेला घास नाही. प्लास्टर आहे." आणि तिनं त्या पायाला तूप लावून वाटी चालवायला सुरुवात केली. जोर लावून, पूर्वीसारखी. लोकांना वाटलं कार्यक्रमातलाच भाग आहे. व्हिडिओवाला पुढे सरकला. दोन मिनिटांत पांढरा तळवा करडा झाला, मग काळा. बाईनं तो उचलून सगळ्यांना दाखवला. "सांगा आता, याच्या पोटात कुठलं विष होतं?"

कोणीतरी खुदकन हसलं. मग बरेच हसले. मॅडम पुढे आल्या, "मावशी, पुरे."

"पुरे कसं? आत्ता तर सुरुवात आहे!" बाई उभी राहिली. गुडघे दुखले, पण राहिली. "हे काळं या वाटीचं आहे. माझ्या सासूची वाटी. जाड होती, ही एवढी पातळ झाली, ती लोकांच्या पायांवर झिजून. तिच्या झिजेला तुम्ही विष म्हणता, फोटो काढता, आणि मी चार महिने ऐकून घेतलं. आता नाही ऐकणार. पाय घासल्यानं झोप लागते, बरं वाटतं, एवढं पुरे आहे. त्याला खोट्याची जोड कशाला?"

मास्तर लाल झाले होते. "पण माझे आकडे? नवाचे दोन झाले, ते?"

"माझा हात हलका झाला म्हणून. करायला सांगितला, मी केला. चूक माझी आहे, मास्तर. तुमच्या पाया पडून सांगते."

"आणि डाव्याला जास्त होतं ते?"

"तुमचा डावा पाय माझ्या उजव्या हाताला येतो."

मास्तरांनी वही मिटली. भरल्या वर्गात फळ्यावरचं गणित चुकलेलं विद्यार्थ्यानं दाखवून द्यावं तसं झालं होतं. बाईला त्यांची कणव आली, तरी ती थांबली नाही. खाली बसली आणि त्यांचे दोन्ही पाय टॉवेलवर घेतले. "डोळे मिटा. मी हात लावला की सांगा, कुठे लावला ते."

मास्तरांनी डोळे मिटले. "लावला. उजवी करंगळी," ते लगेच म्हणाले. "लावला. उजवी टाच." माणसं थोडी सैल झाली.

मग बराच वेळ काही नाही.

"लावा की," मास्तर म्हणाले.

पहिल्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला.

"बाई, किती वेळ वाट बघायला लावणार? लावा आता हात."

"उघडा डोळे," बाई म्हणाली.

मास्तरांनी डोळे उघडून खाली पाहिलं. बाईचा अंगठा त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली घट्ट दाबलेला होता, नख पांढरं पडेपर्यंत. पांढऱ्या टॉवेलवर पिवळसर ओला डाग पसरत होता. त्यात काळं अजिबात नव्हतं.

बासरी कोणी बंद केली ते कळलं नाही. मास्तरांना दवाखान्यात नेलं ते बूटवाल्याच्या स्कूटरवरून, मागे सून धरून बसलेली. मॅडमची गाडी फुलं लावून खाली उभी होती, ती निघालीच नाही.

यंत्रं अजून चालू आहेत. भिंतीवरचं चित्रही तिथेच आहे, आणि माणसं अजून टॉवेलवर बघून "माझं किती निघालं?" विचारतात. बाईनं जग सुधारलं वगैरे काही नाही. तिला त्याच दिवशी काढलं. सुनेला मॅडमनी माफी लिहून दे म्हटलं, तर तिनं राजीनामा लिहून दिला. आता ती डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर आहे. खुर्ची आधीपेक्षा वाईट, पण आहे. बूटवाल्यानं दुकानातला एक कोपरा रिकामा करून दिला, तिथे बाईचं बूड टेकलं. बाहेर पाटी लावली, अक्षरं सुनेची, मजकूर बाईचा: 'पाय घासून मिळतील. विष काढून मिळणार नाही.' पाटी काढा असा वरून दोनदा निरोप आला. दुसऱ्या निरोपानंतर बाईनं अक्षरं मोठी करून घेतली.

सात आठवड्यांनी हेडमास्तर आले. पायांत बूटवाल्याचे बूट, हातात काठी. बाकावर बसले, डावा मोजा काढला. अंगठ्याच्या जागी शिवणीचा नवा, गुळगुळीत व्रण होता.

"दहापैकी नऊ," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर डावा शून्य. पायच गेला असता."

बाई म्हणाली, "आठ वेळा माझ्या हातात होता हो."

"नवव्यांदाही होता," मास्तर म्हणाले, आणि उजवा पाय पुढे केला.

तिनं नख लावलं. मास्तर इतक्या मोठ्यानं हसले की बूटवाल्याच्या हातून हातोडी सुटली. तूप लावलं, वाटी चालली. बाईनं जोर लावला, हात हलका-बिलका काही नाही, आणि फडकं काळं झालं तेव्हा त्याच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. मग मास्तरांनी डावा पाय तिच्या मांडीवर ठेवला.

बाईनं तळव्याच्या खोबणीत नख फिरवलं. थांबली. दोघं त्या पायाकडे बघत राहिले. वरच्या मजल्यावरच्या यंत्रांची घरघर छतातून येत होती.

पाय हलला नाही.

"वाटी नाही," बाई म्हणाली. तिनं तो पाय उजेडाकडे वळवला, प्रत्येक बोटाच्या मधे बघितलं, तळहातानं गरम-गार पाहिलं, कोरड्या फडक्यानं पुसला आणि स्वतः मोजा चढवला.

"पुढच्या आठवड्यात?" मास्तरांनी विचारलं.

"या की. पुढच्या आठवड्यात परत विचारू त्याला."